ॲड्रेस बार वाचायचा कसा, आणि कधी वाचूनही उपयोग नसतो

डोमेनदास (धागाकर्ता)

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच चार मेसेज आलटून पालटून फिरत असतात. ई-चलान थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, नंबरप्लेटचं बुकिंग अर्धवट राहिलंय, केवायसी संपली. प्रत्येकाखाली कुणीतरी विचारतं, "लिंक खरी आहे का?" आणि कुणीतरी छातीठोक सांगतं, "कुलूप दिसतंय ना, मग बिनधास्त." ते उत्तर चुकीचं आहे, म्हणून हा धागा.

(पत्ते मुद्दाम देवनागरीत लिहितोय. धाग्यात जिवंत लिंक राहिली की कुणाचं ना कुणाचं बोट तिच्यावर पडतंच. प्रतिसाद देणाऱ्यांनीही एवढं पाळा.)

आधी वाचायची रीत. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे बोट ठेवा आणि तिथून डावीकडे, उलटं वाचत चला. हा नमुना घ्या:

एचटीटीपीएस://ईचलान.परिवहन.गव्ह.इन.अमुकतमुक.टॉप/पे?गाडी=एमएच01

एकटी रेघ "पे"च्या आधी आहे. तिच्या लगेच डावीकडे "टॉप", त्याच्या डावीकडे "अमुकतमुक". मालक सापडला. अमुकतमुक.टॉप ज्याने विकत घेतलंय त्याचंच हे घर. त्याच्याही डावीकडचं "ईचलान.परिवहन.गव्ह.इन" ही त्याने स्वतःच्या दारावर लावलेली पाटी. सबडोमेनला, म्हणजे मालकाच्या नावाच्या डावीकडच्या भागाला, वाट्टेल ते नाव देता येतं, फुकट, कुणालाही न विचारता. आपण डावीकडून वाचायला लागतो आणि ओळखीचं नाव दिसलं की थांबतो, एवढ्यावरच हा सगळा धंदा चालतो.

शेवट .को.इन, .गव्ह.इन किंवा .बँक.इन असा दोन तुकड्यांचा असेल तर मालकाचं नाव उजवीकडून तिसरं. आयआरसीटीसी.को.इन मध्ये मालक आयआरसीटीसी, "को" नव्हे. कुठले शेवट जोडीने धरायचे याची पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची यादी ब्राउझर बाळगून असतात. आपल्याला वरचे तीन पाठ असले तरी नव्वद टक्के काम भागतं.

एकट्या रेघेच्या उजवीकडे काय लिहिलंय ते ओळख पटवायला धरायचंच नाही. तिथे बँकेचं नाव दहा वेळा असलं तरी.

आता या नियमातली फट. पत्त्यात पहिल्या एकट्या रेघेच्या आधी "@" असेल तर त्याच्या आधीचं सगळं हे फक्त युजरनेम असतं, खरा पत्ता त्याच्यानंतर सुरू होतो. एचटीटीपीएस://अमुकबँक.कॉम@तमुक.टॉप ही लिंक तमुक.टॉपवर जाते. 2003 च्या अखेरीस इंटरनेट एक्सप्लोररमध्ये याचा कहर झाला होता. "@"च्या आधी एक न दिसणारं चिन्ह घुसवलं की ॲड्रेस बारमध्ये त्याच्या पुढचं काहीच दिसत नसे. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2004 मध्ये पत्त्यात युजरनेम घालायची सोयच काढून टाकली. आजचे ब्राउझर पान उघडल्यावर तो भाग बारमध्ये दाखवत नाहीत, पण मेसेजमध्ये लिंक वाचताना तो दिसतोच. शिवाय युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना आकडे देणाऱ्या यादीत, तिरक्या रेघेसारखी दिसणारी दुसरी चिन्हं आहेत, भागाकाराची आणि अपूर्णांकाची. ती "@"च्या आधी वापरली की मी सांगितलेली "पहिली एकटी रेघ"ही नकली निघते. मे 2023 मध्ये .झिप हे डोमेन खुलं झालं तेव्हा ही युक्ती पुन्हा चर्चेत आली, कारण लिंक एखाद्या फाइलच्या नावासारखी दिसायला लागली. तेव्हा मेसेजमधल्या पत्त्यात "@" दिसला की वाचत बसू नका, सरळ सोडून द्या.

फोनवर लिंक तपासायची तर ती दाबून धरा, कॉपी करा आणि नोट्समध्ये पेस्ट करा. ॲड्रेस बारमध्ये पेस्ट करू नका, चुकून "गो" दाबलं जातं.

अनघा_दादर

धागा वाखूण म्हणून साठवला. एक शंका. आमच्या बँकेचा पत्ताच बदललाय. पूर्वी डॉट कॉम होता, आता शेवटी बँक.इन येतं. ग्रुपवर अर्धे लोक म्हणताहेत की हीच फसवणूक आहे.

डोमेनदास

नाही अनघाताई, तो बदल रिझर्व्ह बँकेनेच करायला लावलाय. 22 एप्रिल 2025 चं परिपत्रक आहे, मुदत 31 ऑक्टोबर 2025 ची होती. व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, राज्य आणि जिल्हा सहकारी बँका, सगळ्यांनी .बँक.इन वर जायचं. हे डोमेन कुणी उठून विकत घेऊ शकत नाही. ते फक्त आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली संस्था देते, आणि तेही बँकेलाच. स्टेट बँक आता एसबीआय.बँक.इन आहे, एचडीएफसी एचडीएफसी.बँक.इन. जुने डॉट कॉम पत्ते बहुतेक ठिकाणी नव्यावर वळवलेले आहेत.

पण टिंब नीट बघा. "अमुक.बँक.इन" आणि "अमुक-बँक.इन" यात फरक फक्त टिंब आणि आडव्या रेघेचा. पहिलं आयडीआरबीटीने दिलेलं. दुसरं म्हणजे साधं .इन डोमेन, ते कुठल्याही दुकानातून पाच-सातशे रुपयांत कुणालाही मिळतं. फोनच्या बारीक अक्षरात दोन्ही सारखीच वाटतात. "अमुकबँक.इन" हे टिंबाशिवायचं रूपही तसलंच. बँक आणि इन यांच्यामध्ये टिंब, आणि बँकच्या आधीही टिंब, अशी दोन्ही टिंबं दिसली तरच पुढे जा.

अजून एक. पतसंस्था ही बँक नव्हे, तिला .बँक.इन मिळत नाही. त्यामुळे गिरणगावातल्या एखाद्या पतपेढीची साईट दुसऱ्या डोमेनवर दिसली म्हणून ती खोटी ठरत नाही. आणि तिच्या नावाने .बँक.इनची लिंक आली तर तिथेच काहीतरी गडबड आहे हे समजा.

पोर्ट443

कुलपाबद्दल थोडं.

कुलूप म्हणजे तुमचा फोन आणि समोरचा सर्व्हर यांच्यामधलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही, एवढंच. समोर बसलेला चोर आहे की साव, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट मिळवायला फक्त "हे डोमेन माझ्या ताब्यात आहे" एवढं सिद्ध करावं लागतं, ते काम यंत्रच काही मिनिटांत करतं, आणि लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेत पैसेही पडत नाहीत. फिशिंगवाल्याचं, म्हणजे नकली पान लावून पासवर्ड चोरणाऱ्याचं, डोमेन त्याच्या ताब्यात असतंच की! त्यामुळे त्याला कुलूप रीतसर मिळतं.

क्रोमने सप्टेंबर 2023 मध्ये, 117 व्या आवृत्तीत, कुलूप काढून तिथे दोन घसरपट्ट्यांचं चिन्ह आणलं, ते याच गैरसमजामुळे. आज पत्त्याशेजारी ठसठशीत कुलूप दिसत असेल तर ते साईटने स्वतःचा लोगो म्हणून लावलेलं चित्रसुद्धा असू शकतं, टॅबवर दिसतं ते.

पूर्वी बँकांच्या पत्त्यामागे हिरव्या रंगात कंपनीचं नाव यायचं, त्यासाठी कंपनीची नोंदणी तपासून दिलं जाणारं महागडं ईव्ही सर्टिफिकेट लागायचं. 2017 मध्ये इयन कॅरल या संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात "स्ट्राइप, इंक" नावाची कंपनी कायदेशीर नोंदवून, त्याच नावाचं हिरवं सर्टिफिकेट मिळवून दाखवलं. मूळ स्ट्राइप, ऑनलाइन पेमेंटवाली मोठी कंपनी, दुसऱ्याच राज्यातली. दोन वर्षांनी, 2019 मध्ये, क्रोम 77 आणि फायरफॉक्स 70 ने ते हिरवं नाव बारमधून हटवलं.

कुणी सुचवतं की सर्टिफिकेट उघडून तारीख बघा, ताजं असेल तर संशय घ्या. त्यात दम नाही. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त 90 दिवसांचं असतं, चांगल्या साईटचंही सतत नवं होत राहतं. तारीख बघायचीच तर डोमेन कधी नोंदलं ती बघा, हूइज या डोमेन-नोंदींच्या शोधात मिळते. वीस वर्षं जुन्या वीज कंपनीचं डोमेन गेल्या मंगळवारी नोंदलेलं असेल तर पुढे वाचायची गरजच उरत नाही.

वांद्रे_फास्ट

वीजवाल्या मेसेजची तर लिंकही उघडू नका. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर निदान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. "आज रात्री साडेनऊला" हा प्रकारच नाही. आणि मुंबईत शहराला बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडला महावितरण. मेसेजमध्ये कंपनीचं नाव नाही, ग्राहक क्रमांक नाही, फक्त "वीज कार्यालय" आणि एक दहा आकडी मोबाइल नंबर. कुठलं कार्यालय बाबा?

लिपीकार

डोमेनदास यांनी वाचायची रीत सांगितली. पण अक्षरच दुसरं असेल तर?

रशियन (सिरिलिक) लिपीतलं "ए" आणि रोमन "ए" डोळ्याला तंतोतंत एकच दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे आकडे. एप्रिल 2017 मध्ये शुडाँग झेंग या संशोधकाने ॲपल डॉट कॉम असं दिसणारं डोमेन दाखवलं, त्यातली सगळी अक्षरं सिरिलिक होती. क्रोम, फायरफॉक्स, ऑपेरा तिघांनीही ते साळसूदपणे "ॲपल" म्हणून दाखवलं. दोन लिप्यांची भेसळ असती तर ब्राउझरने पकडलं असतं, पण अख्खं नाव एकाच लिपीतलं असल्याने चाळणीतून सुटलं. त्या डोमेनचं खरं, यंत्राच्या पोटातलं रूप होतं एक्सएन--80एके6एए92ई.कॉम. या रूपाला पनीकोड म्हणतात आणि ते कायम "एक्सएन" आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. क्रोमने 58 व्या आवृत्तीपासून अशी नावं पनीकोडमध्येच दाखवायला सुरुवात केली.

फायरफॉक्सने तो निर्णय वापरणाऱ्यावर सोडला. बारमध्ये अबाउट:कॉन्फिग टाइप करा, इशारा येईल तो स्वीकारा, शोधात "पनीकोड" टाका, "आयडीएन शो पनीकोड" ही ओळ "फॉल्स"ची "ट्रू" करा. मग कुठलंही बिगररोमन नाव उघडंनागडं दिसेल. तोटा एवढाच की .भारत वरची आपली मराठी डोमेनंही एक्सएन होऊन दिसतील.

आणि .भारतचा विषय निघालाच आहे तर, देवनागरीत आपल्याकडेही जुळी अक्षरं कमी नाहीत. "ॲ" हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, पण "अ"वर अर्धचंद्र चढवूनही तसंच काहीतरी उमटतं. "दऱ्या"मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, पैकी एकीत मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. घ-ध, भ-म, ब-व हे तर नुसतं अक्षर बारीक केलं तरी गोंधळात टाकतात. अशा जोड्या नोंदवायच्या की नाहीत याचे नियम डोमेन देणाऱ्यांकडे असतात, पण डोळ्याने फरक ओळखीन असं म्हणणाऱ्याला माझा दंडवत.

अवांतर: मुंबईतल्या नेहमीच्या फसवणुकीत सिरिलिक क्वचितच लागतं. रोमन "आर" आणि "एन" शेजारी ठेवले की "एम" दिसतो, छोट्या "एल"च्या जागी 1 चालतो. यात युनिकोडची काही भानगडच नाही, त्यामुळे पनीकोड दिसणार नाही. क्रोम 2019 पासून अशा काही पत्त्यांवर "तुम्हाला अमुक साईट म्हणायची होती का?" असं अख्खं पान आडवं घालतं. ते पान आलं की घाईने पुढे जाऊ नका.

मुलुंडचा_टेस्टर

आतापर्यंतच्या सगळ्या प्रकारांत ब्राउझर खरा पत्ता दाखवतो आणि आपण चुकीचा वाचतो. ॲड्रेस बार स्पूफिंग म्हणजे ब्राउझरच खोटा पत्ता दाखवतो. तिथे उलटं वाचा की सुलटं, काही फरक पडत नाही.

हे होतं कसं ते पाहा. 2019 मध्ये शाओमीच्या फोनमधल्या "मी" ब्राउझरात आणि "मिंट" ब्राउझरात एक दोष निघाला, दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-2019-10875. शोध घेतल्यावर बारमध्ये लांबलचक पत्त्याऐवजी शोधलेले शब्द दिसावेत, ही सोय त्यांनी केली होती. त्यासाठी पत्त्यातल्या "?क्यू=" नंतरचा मजकूर बारमध्ये दाखवायचा. पण ही सोय फक्त सर्च इंजिनपुरती आहे का, हे तपासलंच नाही. म्हणजे तमुक.टॉप/?क्यू=अमुकबँक.कॉम उघडलं की बारमध्ये स्वच्छ अमुकबँक.कॉम. कुठलं हॅकिंग नाही, नुसती लिंक. त्याच वर्षी यूसी ब्राउझरमध्ये जवळपास हेच सापडलं. तिथे तपासणी होती, पण पत्ता "गूगल"ने सुरू होतो का एवढीच. गूगल.कॉम.तमुक.टॉप सुद्धा "गूगल"नेच सुरू होतो की. डोमेनदासांनी सांगितलेली चूक ब्राउझर लिहिणाऱ्यांनीच केली, डावीकडून वाचायची.

दुसरा प्रकार वेळेचा. 2018 मध्ये रफाय बलोच यांनी सफारी आणि एजमध्ये दाखवला. पान आधीच उघडलेलं असताना स्क्रिप्टने अशा पत्त्याकडे जायला सांगायचं की जो उत्तरच देत नाही, उदाहरणार्थ खऱ्या साईटचा 8080 पोर्ट (सर्व्हरचं एक वेगळं, बंद असलेलं दार). ब्राउझर उतावीळपणे बारमध्ये नवा पत्ता लिहून मोकळा होतो, पान मात्र जुनंच, चोराचं, राहतं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2018 मध्ये एजची दुरुस्ती दिली. 2020 मध्ये बलोच यांनीच रॅपिड7 या सुरक्षा कंपनीसोबत मोबाइलवरच्या सात ब्राउझरांतले असे दोष जाहीर केले, त्यात यूसी आणि ऑपेरा टचही होते.

तिसरा प्रकार दोष म्हणावा असाही नाही. फोनवर पान खाली सरकवलं की क्रोम जागा वाचवायला बार लपवतो. एप्रिल 2019 मध्ये जिम फिशर यांनी दाखवलं की नेमक्या त्या क्षणी पानाने स्वतः काढलेला नकली बार वर आणता येतो, आणि पान अशा चौकटीत अडकवता येतं की वर सरकवलं तरी खरा बार परत येत नाही. तपासायचं असेल तर फोन लॉक करून उघडा, खरा बार परत येतो, मग एकावर एक दोन बार दिसले की समजा. शिवाय नकली बारमधला उघड्या टॅबचा आकडा बहुधा तुमच्या आकड्याशी जुळत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे फोटोवर दाबा, "मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस", तिथून क्रोम आणि "अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू" ही दोन्ही अपडेट करा. वेबव्ह्यू लोक विसरतात. दुसऱ्या ॲपच्या आत जी पानं उघडतात ती त्याच्याच जिवावर. फोनसोबत आलेला कंपनीचा ब्राउझर पैशाच्या कामाला वापरू नका. आणि ॲपच्या आत उघडलेल्या पानावर पासवर्ड टाकूच नका. तिथे वरची पट्टी ब्राउझरची नसते, त्या ॲपने काढलेली असते. तीन टिंबं दाबून "ओपन इन क्रोम" करा, मग वाचा.

अनघा_दादर

"गूगलने लॉगिन करा" दाबल्यावर छोटी खिडकी येते, तिला तर स्वतःचा बार असतो. तो तरी खरा ना?

मुलुंडचा_टेस्टर

तीही अख्खी खिडकी चित्र असू शकते. वरची पट्टी, बंद करायची फुली, पत्ता, सगळं पानातच काढलेलं. मार्च 2022 मध्ये मिस्टर डॉक्स या टोपणनावाच्या संशोधकाने याचे तयार साचेच दाखवले, ब्राउझर इन द ब्राउझर म्हणतात. कॉम्प्युटरवर ती खिडकी पकडून मुख्य खिडकीच्या कडेबाहेर ओढा. खरी असेल तर बाहेर जाते, चित्र असेल तर कडेला अडकतं किंवा कापलं जातं. मुख्य खिडकी मिनिमाइझ केल्यावर तीही गायब झाली तर तिथेच निकाल लागला. फोनवर ही परीक्षा घेता येत नाही.

परळकर

सगळं मान्य. पण स्पष्ट बोलतो. संध्याकाळी सहा सत्तावन्नच्या कर्जत लोकलमध्ये एका हाताने कडी धरून कोण उलटं वाचणार आहे? डोळ्यांवर भरवसा ठेवणारा कुठलाही उपाय थकलेल्या माणसापुढे टिकत नाही. तुलना यंत्राला करू द्या.

पासवर्ड मॅनेजर वापरा, क्रोममधला किंवा आयफोनमधला फुकटवाला चालेल. तो पासवर्ड डोमेनला बांधून ठेवतो. सिरिलिक "ए" असो, आडवी रेघ असो, चित्रातली खिडकी असो, त्याच्या लेखी पत्ता जुळत नाही म्हणजे नाही, आणि तो पासवर्ड भरायला पुढे येत नाही. तो गप्प बसला हीच धोक्याची खूण.

डोमेनदास

परळकर, निम्मं पटलं. यंत्र गप्प बसतं तेव्हा माणूस काय करतो? सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड कॉपी करतो आणि स्वतःच्या हाताने चोराच्या रकान्यात पेस्ट करतो. आणि .बँक.इनच्या बदलाने याला खतपाणीच घातलंय. पासवर्ड जुन्या डॉट कॉमखाली साठवलेला, त्यामुळे नव्या, खऱ्या पत्त्यावरही मॅनेजर गप्प. लोकांना सवय लागली की "हा कधी कधी चालत नाही." शिवाय काही बँकांची पानं आपोआप भरूच देत नाहीत.

परळकर

त्याला तोड आहे. बँकेच्या साईटचा पत्ता डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर बघून एकदाच हाताने टाइप करून उघडा, पासवर्ड तिथे नव्याने साठवा, जुनी नोंद पुसा. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर गप्प बसण्याला अर्थ येतो.

ओटीपीच्या भरवशावर राहू नका हेही सांगतो. ओटीपी डोमेनला बांधलेला नसतो. नकली पान तुम्ही टाकलेला ओटीपी मागच्या मागे खऱ्या साईटवर तत्काळ टाकतं आणि आत गेल्यावर तुमचं सेशन, म्हणजे चालू लॉगिनच, उचलतं. पासकी (पासवर्डऐवजी फोनचं लॉक उघडून होणारं लॉगिन) मात्र बांधलेली असते. साईटने पासकी मागितली आणि पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी फोन सहीच करत नाही, तुम्ही कितीही बोट टेकवा. ईमेलला तरी आजच पासकी लावा, कारण बाकीचे सगळे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

आणि ओटीपीचा एसएमएस आकड्याआधी वाचा. त्यात रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव असतं. पन्नास रुपयांच्या "चलान शुल्का"च्या ओटीपीत 49,000 लिहिलेलं असतं, आणि लोक फक्त सहा आकडे बघतात.

ट्रेझरर_काका

आमच्या इमारतीत सत्तरीपुढचे निम्मे. पनीकोड वगैरे त्यांना सांगून उपयोग नाही. रविवारी बसून त्यांच्या फोनवर काय काय करून द्यावं, तेवढं सांगा.

पोर्ट443

काका, या क्रमाने करा.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेफ ब्राउझिंग, तिथे "एन्हान्स्ड प्रोटेक्शन". यात पत्त्याची माहिती गूगलकडे जाते, हे आधी सांगा, मग लावा.

बँक, वीज कंपनी, महाट्रॅफिकईचलान.गव्ह.इन, ही तीन-चार पानं हाताने टाइप करून उघडा, तीन टिंबं, "ॲड टु होम स्क्रीन". बिल भरायचं तर या चिन्हावरूनच, मेसेजमधून नाही. गूगलवर बँकेचं नाव शोधून वरच्या "स्पॉन्सर्ड" निकालावर जाणं तर साफ बंद, जाहिरात कुणीही देऊ शकतो.

सेटिंग्जमध्ये "इन्स्टॉल अननोन ॲप्स" शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स तिघांची परवानगी काढा. चलानच्या नावाखाली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी) येते तिचा रस्ता इथेच बंद होतो. व्हॉट्सॲपमधलं आपोआप डाउनलोडही बंद करा.

बँकेच्या ॲपमधून यूपीआय आणि कार्डाची रोजची मर्यादा खाली आणा. दूध-भाजीला पाच हजार पुष्कळ.

एसएमएसचं सांगताना पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचं अक्षर दाखवा. 2025 पासून ट्राय या दूरसंचार नियामकाने ते लावायला लावलंय. जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस सेवेचा, पी जाहिरातीचा. चलानचा मेसेज दहा आकडी नंबरवरून किंवा परदेशी नंबरवरून आला तर तो चलानचा नाही. नाव बरोबर दिसलं म्हणून मात्र लिंक न वाचता उघडू नये, नावाचंही सोंग घेता येतं.

अनघा_दादर

आणि माहिती भरून झाल्यावर लक्षात आलं तर?

डोमेनदास

काय दिलंय त्यावर क्रम ठरतो.

पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येते, पण ती तिथून पुढे सरकायच्या आत. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. मग सायबरक्राइम.गव्ह.इन वर लेखी तक्रार, आणि बँकेला वेगळं कळवून तक्रार क्रमांक घ्या.

नुसता पासवर्ड गेला असेल तर दुसऱ्या फोनवरून बदला आणि "सगळीकडून लॉगआउट" करा. फक्त बदललं तर चोराचं चालू सेशन तसंच राहू शकतं.

एपीके टाकली गेली असेल तर पहिल्यांदा एअरप्लेन मोड चालू करा आणि वायफाय बंद करा. बाकी सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा, कारण या फोनवरचे एसएमएस चोर वाचतोय. नंतर बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट. कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवलेलं असू शकतं, ते ##002# डायल करून काढा.

बँकेची जबाबदारी कुठे सुरू होते याचं सूत्र रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलं गेलं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच कुठेतरी घोळ केला, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही पडत नाही. पण तुम्हीच नकली पानावर पासवर्ड-ओटीपी दिलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची मिनिटासकट नोंद हवी.

वांद्रे_फास्ट

नंबरप्लेटचं राहिलं. परिवहन खात्याची खरी साईट गव्ह.इनवर आहे, पण बुकिंगसाठी ती पुढे पुरवठादाराच्या डोमेनवर पाठवते, जे गव्ह.इन नाही. इथे तुमची उलटी वाचायची रीत काय कामाची?

डोमेनदास

नाही कामाची, खरंय. तिथे एकच करता येतं. ट्रान्सपोर्ट.महाराष्ट्र.गव्ह.इन हाताने टाइप करायचं आणि तिथल्या बटणानेच पुढे जायचं. पुरवठादाराचा पत्ता गूगलमध्ये शोधायचा नाही, कुणी पाठवलेला वापरायचा नाही. साखळीची पहिली कडी गव्ह.इन असली तर पुढची कडी खात्याने दिलेली असते. मधूनच शिरलात तर पडताळायला हातात काहीच नसतं. सरकारने स्वतःच्या डोमेनवर बुकिंग ठेवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, पण ते आपल्या हातात नाही.

ट्रेझरर_काका

ग्रुपवर आत्ताच एक "चलान" आलंय, लिंकसकट. इतरांना सावध करायला ते इथेच ठेवू का?

पोर्ट443

ठेवू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, पत्ता दिसतोय त्या भागावर रेघ ओढा. मग तो मेसेज दाबून धरा, डिलीट, "डिलीट फॉर एव्हरीवन". ग्रुप ॲडमिन आहात, दुसऱ्याचा मेसेजही तुम्हाला काढता येतो. पाठवणाऱ्याचा नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी साईटवरच्या चक्षू विभागात नोंदवा, तिथे स्क्रीनशॉट मागतात, म्हणून रेघ न ओढलेली एक प्रत बाजूला ठेवा. आणि ज्या शेजाऱ्याने पुढे पाठवलंय त्याला खासगीत फोन करून विचारा, त्याने उघडलं होतं का. उघडून फाइल टाकली असेल तर त्याच्या फोनवरून हाच मेसेज बाकीच्या ग्रुपवरही आपोआप गेलेला असू शकतो.